लाल बोया उजव्या हाताला

लोगिव्ही, १४ नोव्हेंबर

प्रिय गिरेक,

नऊ वर्षांनी वहिनीचं पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. जायचा तो तुझा भाऊ एर्वे दोन वर्षांपूर्वीच गेला. चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसलास आणि प्रार्थना संपायच्या आत निघालास, ते मी पाहिलं होतं. आजचं कारण वेगळं आहे. फेब्रुवारीत मी समुद्रापलीकडच्या मार्टिनिक बेटावर जाऊन तीन आठवड्यांसाठी शिडाची बोट भाड्याने घेणार आहे. तिथून दक्षिणेला, बेटामागून बेट करत, बेक्वियापर्यंत. बोटवाला म्हणतो, सुकाणूवर अनुभवी माणूस असेल तरच बोट मिळेल, आणि तो कोण ते महिनाअखेरपर्यंत कळवा.

सहल एर्वेची. त्या बेटांचा तू तिकडून पाठवलेला नकाशा तो अकरा हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरत आला. तुमचं बोलणं बंद झाल्यावरसुद्धा. मी सूपचे वाडगे घेऊन उभी. "तुझी बेटं जरा सरकव," मी म्हणायचे. "पुढच्या वर्षी जाऊच," तो म्हणायचा, आणि बेटं तशीच राहायची.

तो गेल्यावर नकाशा मी कपाटावर टाकला होता. या उन्हाळ्यात वाचनालयातून तिकडची पुस्तकं आणायला लागले. तू बारा वर्षं त्या बेटांमध्ये मालवाहू बोटींवर काढलीस, तुला हसू येईल, पण माझं नवल संपत नाही. भरती-ओहोटीत म्हणे दोन वितींचाही फरक पडत नाही. आपल्याकडे दिवसातून दोनदा अख्खं बंदर रिकामं होतं, बोटी चिखलात कुशीवर झोपतात. मग तिकडच्या बायका नवऱ्याच्या जेवणाची वेळ कशावरून ठरवतात? प्रवाळ दिसायला ऊन पाठीशी हवं, हे खरं का? मधेच ढग आला तर काय, थांबून राहायचं? आणि बोटीवर त्या दोर कुरतडणाऱ्या लांब कानांच्या प्राण्याचं नाव काढायचं नाही, अपशकुन होतो, हे तिकडेही पाळतात का? शेजारची सोआझिग म्हणते, "अगं, तुला समोरच्या ब्रेहा बेटाच्या फेरीबोटीत मळमळतं, तू कुठं निघालीस?" मी म्हटलं, "तिकडे मळमळेल तेव्हा ऊन तरी असेल."

मग बोयांचं, पाण्यात वाट दाखवणाऱ्या त्या तरंगत्या खुणांचं, पान आलं. ते मी तीनदा वाचलं. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हे आपल्या गावच्या पोरांना धड चालता येण्याआधी येतं. तिकडे तो उजव्या हाताला. सगळ्या बेटांवर तसंच. पुस्तक मांडीवर ठेवून मी खिडकीतून तुमच्या बाबांची बोट फुटली त्या खडकाकडे बघत बसले. त्या दिवशी धुकं होतं, सुकाणू तुझ्या हातात होतं, आणि तुला घरी येऊन आठवडाही झाला नव्हता. तू म्हणालास, "तिकडे उलट असतं, हातानं आपोआप तसंच केलं." एर्वे म्हणाला, "लाल कुठला ते कळत नाही, आणि वर सबब बघा." बंदराच्या धक्क्यावर सगळे ऐकत होते. आणि मी हसले, गिरेक. तू वळून माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं.

परवा नकाशा खाली काढला. मार्टिनिकच्या बंदराच्या तोंडाशी एर्वेने लाल पेन्सिलीने बोयाचा ठिपका दिला होता, आपल्या सवयीने डावीकडे. तो त्यानेच खोडून उजवीकडे नवा काढलाय. शेजारी त्याच्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, "गिरेक खरं सांगत होता. त्याला लिहायचं." खाली तारीख, तो गेला त्या वर्षीच्या मार्चची. गेला ऑक्टोबरात. टपालपेटी आमच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे, पाव आणायला तो रोज तिच्यावरून जायचा. का लिहिलं नाही ते मला सांगता येणार नाही. एकतीस वर्षं संसार केला, तरी नाही. त्याचं राहिलेलं आज मी लिहिलं. त्या हसण्याबद्दलची माफी मात्र माझी मी मागते. बोटवाल्याच्या कागदावर सुकाणूच्या रकान्यात तुझं नाव पेन्सिलीने घातलंय. शाईने गिरवू का, एवढं कळव.

तुझीच वहिनी,
मारिवोन