बैलगाडीमागे चाललेले चिलखत

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी पोथोस, कैसरियाजवळच्या लिथारी गावचा रहिवासी, सम्राटाच्या फौजेतला एके काळचा चिलखती घोडेस्वार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून भुलवलेले नाही. द्राक्षारस घेतला आहे, पण अर्धाच पेला, तोही माझ्या मुलीने, अन्थूसाने, पाणी घालून दिलेला. मी शाळेत गेलो नाही. गावच्या चर्चमध्ये भिंतीवरच्या संतांशेजारी त्यांची नावे लिहिली आहेत, ती बघून बघून अक्षरे शिकलो. त्यामुळे माझे एकेक अक्षर संताच्या डोक्याएवढे येते. लिहायचे चामडे जास्त लागले म्हणून माझ्या मुलाने, हिमेरिओसने, कुरकुर करू नये. तो शहरात कारकून आहे, त्याला चामड्याचा काय तोटा!

माझे शरीर कड्यातल्या आमच्या थडग्यात माझ्या बायकोशेजारी, झोईशेजारी, ठेवावे. मधे थोडी जागा सोडावी. मी घोरतो अशी तिची जन्मभर तक्रार होती.

कड्यात कोरलेले घर आणि खालचा तबेला अन्थूसाला. कबुतरखाना आणि त्याखालची द्राक्षबाग हिमेरिओसला. खत कबुतरांचेच घालावे. शहरात गेल्यापासून त्याला त्याचा वास सहन होत नाही, पण त्याच बागेतला द्राक्षारस मात्र चालतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

माझा बदामी घोडा म्हातारा झाला आहे. त्याच्या अंगावर पुन्हा पाखर, म्हणजे घोड्याचे लोखंडी चिलखत, चढवू नये. मरेपर्यंत त्याला ओढ्याकाठी मोकळा चरू द्यावा. तो दाराशी येऊन पाय आपटेल तेव्हा त्याला वाळवलेली जर्दाळू द्यावीत, बिया काढून.

आता ओढ्याकाठच्या जमिनीचे. ही शिपाईजमीन आहे. जो ती कसतो त्याने फौजेच्या हजेरीला एक चिलखती स्वार उभा करायचा: घोडा, घोड्याची पाखर, स्वाराचे लोखंड, सगळ्यासकट. स्वार उभा राहिला नाही तर जमीन आपली राहत नाही. टेकडीपलीकडचा मोठा जमीनदार त्याचीच वाट बघत बसला आहे. आपल्या गावातली काही घरे अशीच त्याच्या घशात गेली. ती माणसे आज आपल्याच शेतात त्याचे गडी म्हणून नांगर धरतात आणि माझ्यासमोर मान वर करत नाहीत.

ईस्टरला हिमेरिओस आला होता. म्हणाला, "बाबा, विकून टाका. त्यांचा कारभारी चांगला भाव देतोय."

"आणि तुझी बहीण कुठं जाईल?"

"कसणारं माणूस त्यालाही लागतंच की."

अन्थूसा भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "दादा, आधी तू लाग त्याच्याकडं. मग सांग कसं वाटतं ते." मग माझ्याकडे वळून, "बाबा, मीच बसते घोड्यावर. टोपाखाली नुसते डोळे दिसतात, कुणाला कळतंय?"

"हजेरी घेणारा टोप काढायला लावतो, बाई."

"मग त्यालाच टोप घालते!" ती म्हणाली. हसलो सगळे, पण त्या रात्री मला झोप आली नाही. जावई गुणी आहे, पण घोडा नुसता शिंकला तरी तो कुंपणावर चढतो.

माझ्या चिलखताविषयी. आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले सांगतो. माणसाला आणि घोड्याला लोखंडात मढवण्याची ही विद्या पूर्वेकडच्या पारशी सरदारांची. आपले जुने लोक त्यांना चालत्या भट्ट्या म्हणून हसले, मग मार खाल्ला, मग स्वतःच भट्ट्या झाले. मधे ही विद्या मागे पडली आणि माझ्या तरुणपणी पुन्हा उजळली. माझ्या छातीवरच्या लोखंडी पत्र्यांत काही आजोबांच्या आहेत, काही एका अरब स्वाराच्या, बाकी कैसरियाच्या लोहाराच्या. शत्रूची पत्री आणि आजोबांची पत्री एकाच वादीने ओवलेली आहे. त्या वेगळ्या करू नयेत.

आणि आता वार्दान. शेजारी, आर्मेनियन, जुना सोबती, आणि माझ्या लंगड्या ढोपराचे कारण. आमची रचना पाचरीसारखी असे, पुढे थोडे, मागे जास्त, गुडघ्याला गुडघा लागलेला. लोखंड लादलेला घोडा उधळला तर शत्रूपर्यंत पोचायच्या आतच दमतो आणि पाचर फुटते. म्हणून दुडक्या चालीनेच जायचे. बाण अंगावर वाजत असताना हळू चालणे, सारे शौर्य एवढेच. वार्दान माझ्या उजवीकडे होता. त्याचा घोडा चौखूर सुटला आणि त्या रिकाम्या जागेतून भाला आला. लढाई जिंकलो. ढोपर हरलो. तेव्हापासून त्याचे एकच पालुपद, "घोडा पळाला, मी नाही!"

त्याचा मुलगा आशोत चांगला स्वार आहे, पण त्यांना जमीन नाही. गेल्या महिन्यात मी त्याला बोलावले. भर दुपारी माझे सगळे लोखंड त्याच्या अंगावर चढवले, त्याच्या तरण्या घोड्यावर पाखर घातली, आणि सांगितले, "गिरणीपासून चर्चपर्यंत जायचं. पुढं अन्थूसाची बैलगाडी राहील. तिला ओलांडायचं नाही."

अन्थूसाने बैल मुद्दाम रेंगाळवले. सगळे गाव कट्ट्यावर जमले.

"नवरदेव, बैल पुढं गेले की!"

"आशोत, मागं गोगलगाय येतीय, तिला वाट दे!"

कुणीतरी घोड्याच्या पाखरीवर खडे मारले. घोडा फुरफुरला, तोंडाला फेस आला. आशोतने लगाम ना ओढला, ना सोडला. गाडी चर्चपाशी थांबली तेव्हा घोड्याचे नाक गाडीच्या गवतात होते.

संध्याकाळी वार्दान आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत.

"माझा पोरगा तुझ्या लोखंडात?"

"मग कुणाला घालू? माझा पोरगा दौतीत बुडालाय."

"आणि परत नाही आला तर?"

मी पेला भरला. त्याने तो उचलला. मग म्हणाला, "त्याची आई विचारतीय, बगलेत सैल करून मिळेल का? पोरगा तुझ्यापेक्षा रुंद आहे."

म्हणून माझी इच्छा अशी. ओढ्याकाठची जमीन अन्थूसा आणि हिमेरिओस यांना एकत्र, न वाटता, न विकता. जो वाटणी मागेल त्याचा हिस्सा चर्चला जाईल. चिलखत, पाखर, टोप आणि गदा आशोतला. तो या जमिनीचा स्वार म्हणून उभा राहील तोवर पिकाचा तिसरा भाग त्याच्या घरी जावा. तो जखमी होऊन आला तरी तो भाग थांबू नये. बगला सैल करण्याचा खर्च हिमेरिओसचा. वार्दानला माझे खोगीर, ज्यावर बसून तो माझ्या उजवीकडे राहिला असता तर बरे झाले असते.

आशोत, लेका, बैलगाडी आठव.

लिथारी, जगाच्या निर्मितीपासून सहा हजार चारशे चौऱ्याऐंशीवे वर्ष, जून महिना.

पोथोस. हा माझा हात आहे.

साक्षीदार: सिसिनिओस, गावचा पाद्री. माझ्यासमोर लिहिले. पेला अर्धा नव्हता.

साक्षीदार: हिमेरिओस, पोथोसचा मुलगा. मान्य. लोहार मीच शहरातून आणीन.

साक्षीदार: वार्दान. लिहिता येत नाही, फुली केली आहे. पाद्रीबाबांना सांगून पुढचे लिहवून घेत आहे. आशोत ओळ सोडणार नाही, याची जबाबदारी माझी. घोडा मात्र पळालाच होता.