मेंढरांनी खाल्लेली ओळ

शिरूर, १४ डिसेंबर

प्रिय वैशू,

सप्रेम जय भीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. बाळाचे दात आले का? तुझ्या सासरी कवठ्यात थंडी जास्त असते, त्याला कानटोपी घालत जा. दौंडला सगळे बरे आहेत. पप्पांचा गुडघा दुखतोय, तरी रोज विहारापर्यंत चालत जातात. माझी बदली अजून झाली नाही. शिरूरला राहून तुझ्या माहेरीच, केंदूरच्या आरोग्य उपकेंद्रात जाते.

केंदूरचं तुझ्या कानावर आलंच असेल. पण कुणी कसं सांगितलं कोण जाणे, म्हणून मीच सांगते.

त्या दिवशी लसीकरण उरकून निघाले होते. तुझा पृथ्वीदादा रस्त्यात उभा. "जरा रानात चल, नवा ड्रोन दाखवतो," म्हणाला. मला वाटलं, औषध मारायचा असेल. त्यानं ड्रोन वर नेला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. खाली नांगरलेलं काळं रान आणि त्यात मेथीची हिरवी अक्षरं: 'लग्न करशील का?'

मी म्हणाले, "करीन की. घरचे बघतायत. तुझं कुठं जमलं?"

तो आधी हसला. मग स्क्रीन पाहिली आणि तोंडच उतरलं त्याचं. "आगं, मेंढरांनी वरची वळ खाल्ली!"

"काय होतं वर?"

"मी होतो. 'माझ्याशी' लिवलं होतं."

वैशू, मला हसावं की रडावं कळेना. माझ्या मैत्रिणींना कुणी हायवेच्या हॉटेलात फुगे लावून विचारलं, कुणी केकमध्ये अंगठी घातली. याच्याइतकी मेहनत कुणीच घेतली नसेल. उगवून यायची वाट बघितली ना त्यानं.

तुमच्या घरी मी कितीदा जेवले. हॉस्टेलातून तुझ्याबरोबर यायचे, तेव्हा तुझ्या आईनं मला आधी वाढलंय, 'पोरी, लाजू नको' म्हणत. पण लेकीची मैत्रीण म्हणून पंगतीला बसणं वेगळं, आणि आमच्या वस्तीतली मुलगी सून म्हणून त्याच चुलीपाशी उभी राहणं वेगळं. हे मी कधी बोलले नाही. तूही नाही.

मी एवढंच म्हणाले, "वरून नको विचारू. तुझ्या घरी आणि माझ्या घरी, समोर बसून तोंडानं विचार."

वाटलं, इथंच विषय संपेल. तर रविवारी हा गडी दौंडला हजर! दोन कप चहा प्यायला, पप्पांशी उसाबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला. शेवटी आईच म्हणाली, "बाळा, तू आलास कशाला?"

"गौतमीशी लग्न करायचंय."

पप्पांनी बराच वेळ चष्मा पुसला. "तुझ्या वडलांना सांगितलंस?"

"न्हाई अजून."

"मग आधी तिकडं सांग. माझी पोरगी चोरून कुठं जायची नाही."

तो तसाच उठून केंदूरला गेला. आबा जेवायला बसले होते, तेव्हाच सांगितलं त्यानं. आबा ओरडले नाहीत की काही नाही. हात धुतला, उठले, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाहीत. तुझी आई मला रस्त्यात भेटली, तेव्हा थांबली. पदर सावरला आणि पुढे गेली. त्या थांबण्याचा अर्थ मी अजून लावतेय.

आणि त्यानं आबांना सांगितलं त्याच दिवसापासून तू फोन उचलत नाहीस. तू आबांच्या धाकानं गप्प आहेस, की तुलाच मी नकोय? आबांचं न बोलणं मी समजू शकते. तुझं नाही समजत.

पृथ्वी म्हणतो, आबांना वेळ देऊ, पण मागे हटायचं नाही. माझं उत्तर त्यानं परत विचारलेलं नाही. मी कधी नाही म्हणायचं ठरवते, कधी बदली मागायचं. अर्ज लिहायला बसते आणि तो दौंडला उसाबद्दल बोलत बसलेला आठवतो, मग लिहवत नाही.

खरं सांगू? उत्तर केव्हाच ठरलंय. हो म्हणणार आहे मी. या रविवारी त्याला सांगीन. त्याच्याआधी तुला सांगावंसं वाटलं, कारण तो माझ्या आयुष्यात आला तो तुझा भाऊ म्हणून.

तू नाही म्हणालीस तरी मी थांबणार नाही. पण तुझं 'नाही' मला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. एकदा फोन कर, भांडायला का होईना.

तू ज्या नात्यानं हाक मारशील, त्या नात्यानं तुझी,
गौतमी