चुन्याने आखलेली खोली

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर नाही, म्हणून हे दुसरं. शहर आपल्या शेताच्या बांधाला येऊन टेकलंय. पलीकडे प्लॉट पडले, प्रत्येकाला वेगळं कुंपण. तिथली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, कुत्री तेवढी ओळखतात.

आम्ही चार घरांनी एकत्र बांधायचं ठरवलंय: मी, शिंपी नि त्याची आई, निवृत्त मास्तर नि बाई, आणि बसड्रायव्हरचं कुटुंब. एका कडेला लागून खोल्या, स्वयंपाकघर एकच, बाकीचं शेत शेतच राहील. त्यासाठी शेतातला तुझा निम्मा हिस्साही लागेल. त्यावर तुझ्या साहेबाचा, त्या प्लॉट पाडणाऱ्याचा, डोळा आहे, आणि रिकामी जमीन दिसली की तुझा नकाशे काढणारा हात शिवशिवतो, हे मला ठाऊक आहे.

येत्या रविवारी चुन्याने खऱ्या मापाचं घर जमिनीवर आखून दिवसभर त्यात राहून बघणार आहोत. वहिनीला घेऊन ये. सबबी नकोत.

तुझी ताई

१६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

रविवारपासून जिवाला स्वस्थता नाही. भिंती नसताना तुम्ही सगळे दारातूनच ये-जा करत होतात. मी हात धुवायला आडवा गेलो तर शिंप्याची आई खेकसली, की मेल्या, मी न्हाणीत बसलेय! सोलत होती शेंगा. सावली तेवढी न्हाणीतच होती.

पोट धरून हसलो. मग तू शेवटची खोली दाखवून म्हणालीस, ही तुमची. मला विचारलं तरी होतंस? तुझी वहिनी तिथे खिडकी कुठे हवी ते सांगत होती, आणि घरी आल्यावर म्हणते, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात मीठ कोणाच्या हाताचं?

साहेबाच्या प्लॉटांच्या कॉलनीचा रस्ता माझ्या वाट्यातूनच जातो. नाही म्हटलं तर नोकरीवर गदा, आणि लेकीचं शिक्षण अजून व्हायचंय. आज माझा वाटा साहेबाला द्यायच्या कागदावर सही करून आलो. रस्ता मलाच आखायचाय. दुपारपासून कागद पुढ्यात आहे आणि पेन्सिल उचलवत नाही.

रागव, पण पत्र टाक.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस चुन्याच्या पोत्याला हात लावला नाही. मग पुन्हा चुना कालवला. आता सगळं माझ्याच वाट्यात बसवायचं. मास्तरांनी पुस्तकांची भिंत सोडली, ड्रायव्हरने पडवी. शेतही निम्मं झालं. तरी जमेना.

आमच्यात एकाने जरी नाही म्हटलं तरी गोष्ट अडते, हे तुला त्या रविवारी सांगितलंच होतं. तुझी खोली काढायला सगळेच नाही म्हणत बसले. शिंप्याची आई तर म्हणाली, पोरगा येईल वळणावर. शेवटी मीच त्यांची समजूत घातली आणि पायाने रेघा पुसल्या. दुसऱ्या कोणाला पुसू दिल्या नाहीत.

सोमवारी पाया खणतोय. आलास तर जेवून जा. लोभ होता तसाच आहे, जागा मात्र उरली नाही.

तुझी ताई