वास्तुशांतीचा स्वच्छ आवाज

यशवंतपूर, बेंगळूर
रविवार

ती. धनलक्ष्मी आत्यांच्या चरणी रविकिरणचा साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? धारवाडच्या थंडीत ते जास्त दुखतात असं आई म्हणते. तिची साखर ताब्यात आहे, तुमची सून रम्या ठीक आहे, आणि मी जिवंत आहे. माझ्याबद्दल याहून चांगलं लिहिण्यासारखं सध्या काही नाही.

बाबांना (तुमच्या अण्णांना) जाऊन दीड वर्ष झालं. आईला फोनवर काही बघता येत नाही, बोट लागून सगळं उडतं. तिला फक्त टीव्ही आणि त्याखालचा डिस्क लावायचा डबा कळतो. म्हणून मी ठरवलं, की या घराच्या वास्तुशांतीची २००४ सालची कॅसेट डिस्कवर घ्यायची आणि वाढदिवसाला तिला द्यायची. (रम्या म्हणाली होती, बाहेर करायला दे. मी म्हणालो, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी रोज केसाच्या जाडीएवढा फरक पकडतो, मला हे जमणार नाही?)

कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेण्याचं काम तेवढं एका दुकानात दिलं. ते झालं, पण कॅसेट दुकानदाराच्या यंत्रातून शेवयांसारखी बाहेर आली. तो म्हणाला, "स्वल्प जुनी होती सार." मी म्हटलं, सरी, असू दे, आता फाईल आहे ना आपल्याजवळ.

मग डिस्कचा मेनू करायला बसलो. टीव्हीवर आधी आपल्या घराचा फोटो, खाली चार बटणं: पूजा, पाहुणे, जेवण, आहेर. मागे वीस सेकंदांची सनई, तीच पुन्हा पुन्हा. पहिल्या डिस्कवर पूजा दाबलं की जेवण सुरू व्हायचं आणि जेवण दाबलं की आहेर. आहेर दाबलं की परत सनई, तिथून सुटका नाही; डबा बंद करावा लागे. अशा सात डिस्क वाया गेल्या. त्या रम्यानं बाल्कनीत दोरीला बांधल्यात, कबुतरं येत नाहीत. एवढाच काय तो उपयोग.

पण खरं काम आवाजाचं. पंख्याची घरघर काढली, कुकरच्या शिट्ट्या काढल्या. तरी एक आवाज सगळ्यावर चढून बसलेला: कॅमेरा धरणाऱ्याचा. भटजी मंत्र म्हणताहेत आणि मध्येच आईला, "अंबू, पदर नीट कर." आहुती पडते आहे आणि, "अरे, लाईट कुणी घालवला?" माईकला चिकटून असल्यानं हा आवाज भटजींच्या तिप्पट मोठा. एकंदर अडतीस ठिकाणी. मी तीन आठवडे बसून अडतीसही जागा कापल्या आणि तिथं मंत्रांचे तुकडे जोडले. (एके ठिकाणी भटजी कॉफी पिताहेत आणि मंत्र चालूच आहे, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.) शेवटी इतकं स्वच्छ झालं, की आनंदाच्या भरात मूळ फाईलवरच सेव्ह दाबलं.

गुरुवारी आईचा वाढदिवस. ती नवी साडी नेसून टीव्हीसमोर बसली. आधी पाव तास नुसती सनई ऐकत राहिली. तिला वाटलं, कार्य अजून सुरू व्हायचंय. मग मी पूजा लावली. तिनं पूजा पाहिली, पाहुणे पाहिले, जेवण पाहिलं. आहेरही संपला. तरी ती उठेना.

"छान झालंय रे," ती म्हणाली. "पण हे कुठं बोललेच नाहीत?"

मी म्हणालो, "आई, बाबा कॅमेऱ्यामागं होते ना. ते दिसणार कसे?"

"दिसणार नाहीत हे ठाऊक होतं मला. मी ऐकायला बसले होते."

आत्या, तीन आठवडे मी कुणाला पुसत होतो, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस तो आवाज माझ्यासाठी कॅमेरावाल्याचा होता, कॅमेरावाला म्हणजे बाबा हे ठाऊक असूनही. दुकानात धावलो, त्यांनी आपली प्रत आठवड्यातच पुसली होती. कॉम्प्युटर पालथा घातला. काही नाही. आई एका शब्दानं रागावली नाही. संध्याकाळी आम्हा दोघांसाठी चहा टाकून आली, एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

बाकी ठीक. गुडघ्यांना जपा.

तुमचा
रविकिरण

ता. क. पत्र लिहायचं कारण असं, की बाबांनी त्या वर्षी या वास्तुशांतीचीच एक मोठी कॅसेट भरून तुम्हाला पाठवली होती, असं आईला आठवतंय. तुम्ही ती कधी लावली नसेल, हे मला माहीत आहे. तिच्यात बाबा तुम्हाला म्हणतात, "धना, मागं सर, तू पुढं आलीस की घर दिसत नाही." त्या दिवशी तुम्ही न जेवता गेलात आणि नंतर या घरी कधी जेवला नाहीत. ते वाक्य मी सगळ्यात आधी कापलं होतं, तुम्ही डिस्क बघाल म्हणून. आत्या, मला आता ते वाक्य हवं आहे. कॅसेट फेकली नसेल तर कळवा.

दुसरा ता. क. आईनं पत्र वाचलं. ती म्हणते, कुरियर वगैरे नको. तुमच्याकडचा जुना व्हीसीआर अजून चालतो म्हणे, तर शनिवारी आम्हीच येतो. तुम्ही दोघींनी बसून ऐकायचं आणि मी बाहेर थांबायचं. कॉम्प्युटर बरोबर घ्यायचा नाही, असं तिनं मला बजावलंय.