पावणेसहाची नोंद

४ ऑगस्ट, ब्लँटायर

उशिरा येणाऱ्या नोंदीची वाट किती पाहायची? मला खरंच माहीत नाही. पुराचा इशारा देणारा आमचा प्रोग्राम नदीची पातळी तासातासाच्या खिडक्यांत, म्हणजे एकेका तासाच्या नोंदी एकत्र करून, तास संपला की तपासतो. पण फोनवरून नोंद यायला उशीर झाला, की तो ती पोचल्या तासात टाकतो, मोजल्या तासात नाही. पावणेसहाचं पाणी नऊच्या खिडकीत! जानेवारीचा सगळा पूर मी प्रोग्रामवर पुन्हा चालवणार— प्रत्येक नोंद तिच्या तिच्या तासात.

५ ऑगस्ट

चालला!

६ ऑगस्ट

जानेवारीत इशारा सकाळी दहाला गेला होता. तोवर आमचं गाव कमरेएवढ्या पाण्यात. मी बदललेल्या प्रोग्रामने तो सहालाच दिला असता. चार तास आधी!

आमचे साहेब, चिपेटा सर, तक्ता बघतच राहिले. "झिओने, हे तू एकटीने केलंस?" एकटीनेच! घरातली पहिली पदवी— आज कामाला आली. शुक्रवारी सर हा तक्ता जिल्हा कचेरीत मांडणार. नदीकाठी पुन्हा घरं बांधू द्यायची का, ते त्यावर ठरणार.

आईला फोन केला. आधी ओरडलीच आनंदाने. मग म्हणाली, "चार तास? मग मी जुन्या जागीच बांधते. गाळाची जमीन सोडून टेकडीवर काय दगड खाऊ? भट्टी लावलीय, शनिवारी विटा निघतील." एव्हाना बाजारभर सांगून झालं असेल.

७ ऑगस्ट

नदीच्या वरच्या अंगाला पातळीची पट्टी वाचतात त्या एनेलेस मावशींना फोन केला, आभार मानायला. पावणेसहाची ती नोंद त्यांचीच.

"वाचली खरी पावणेसहाला," मावशी हसल्या. "पण नदीवर नेटवर्क कुठलं, पोरी? तीन-चार वाचनं झाली की टेकडी चढायची नि एकदम धाडायची. त्या दिवशी चिखलात दोनदा आपटले. तुझा कॉम्प्युटर बरा, बसल्या जागी पोचतो!"

मीही हसले. मग हसू गेलं.

नोंद पोचली नऊ वीसला. सहा वाजता ती आमच्या कुणाकडेच नव्हती! पूर पुन्हा चालवताना माझ्या हाती सगळ्या नोंदी आयत्या होत्या. पोचल्याची वेळ शेजारच्याच रकान्यात— मी बघितलीच नाही.

दुपारी पुन्हा चालवला. पोचेपर्यंत नोंदीला हात लावायचा नाही. पोचली की तिच्या तासात टाकून लगेच तपासायचं. इशारा— नऊ वीस. चार तासांची झाली चाळीस मिनिटं.

आणि तरी, या चाळीस मिनिटांचा मला जास्त अभिमान वाटतोय. ती खरी आहेत. चाळीस मिनिटांत पोर कडेवर घेऊन टेकडी गाठता येते. घर नेता येत नाही.

सरांना दाखवलं. "चाळीस मिनिटांना कोण टाळ्या वाजवणार? उद्या जुनाच तक्ता जाऊ दे. पावसाआधी सुधारू काहीतरी."

८ ऑगस्ट

सकाळी आधी आईला सांगितलं. मग पहिल्या मिनीबसने, सर पोचायच्या आत, कचेरी गाठली. नवा तक्ता दिला. खाली माझ्या नावाने लिहिलं— नदीकाठी घरं बांधू देऊ नयेत. सही केली, पोच घेतली.