आमच्या घरातली पेशी

१ डिसेंबर, सकाळी
आजपासून जीवशास्त्र.
काल लॅबमध्ये मॅडमनी आत बोलावलं. आतल्या खोलीत मशिनवर रक्त तपासणारे काका उन्हाळ्यात नोकरी सोडून मुलीकडे राहायला जाणार. मॅडम म्हणाल्या, तू काउंटरवर चांगलं काम करतोस, ट्यूबवर पेशंटचं नाव लावताना कधी चुकत नाहीस. शाळेचं जीवशास्त्र तेवढं राहिलंय ना तुझं? मार्चमध्ये बाहेरून बसून सोडव. सुटलं तर काकांच्या जागेसाठी तुला कोर्सला पाठवते. नाही सुटलं तर मला जाहिरात द्यावी लागेल.
मी म्हणालो, सुटेलच. मॅडम म्हणाल्या, आपोआप सुटत नाही, सोडवावं लागतं. यात त्यांचा माझ्यावरचा विश्वास दिसला.
धडे पंधरा, आठवडे पंधरा. आठवड्याला एक धडा. हिशोब इतका चोख बसला की निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटलं.

२ डिसेंबर
वेळापत्रक केलं. पेशी हिरव्या रंगात, अनुवंश लाल, परिसंस्था निळ्या. पचनसंस्था तपकिरी करायची होती, पण पेन्सिलीचं टोक तुटलं. ताई बुटांच्या दुकानातल्या कामावरून दमून आली, वेळापत्रकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, फ्रेम कर.
करण्यासारखं झालंय खरं.

४ डिसेंबर
पुस्तकाला कव्हर घातलं. तिसऱ्या पानावर ‘सुक्ष्मदर्शी’ छापलंय. सू दीर्घ हवा. पेनने दुरुस्त केलं. मग विचार आला, जे लोक सूक्ष्म नीट लिहू शकत नाहीत, त्यांच्या बाकीच्या मजकुरावर कितपत विसंबायचं?
आज पुढे वाचलं नाही.

९ डिसेंबर
पहिला धडा : पेशी. वाचताना सगळं समजतं. पुस्तक मिटलं की समजलेलं आतच राहतं. दोष माझा नाही, पद्धतीचा आहे. चांगल्या पद्धतीच्या शोधात आहे. तोवर वाचन बंद.

११ डिसेंबर
पद्धत सापडली!
चहा पिताना काकांना सहज विचारलं, पेशी लक्षात कशी ठेवायची? ते म्हणाले, अरे, घरासारखी समज. घराला दार असतं, चूल असते, कचऱ्याचा डबा असतो, तसंच सगळं. एवढं बोलून काकांनी बिस्किट बुडवलं. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलंच नाही. मला कळलं.
घर म्हणजेच पेशी. घरातल्या एकेका वस्तूला पेशीतल्या भागाचं नाव चिकटवायचं. येता-जाता नजरेस पडेल आणि आपोआप पाठ होईल. अभ्यासाला म्हणून वेगळं बसायची गरजच नाही.

१४ डिसेंबर
गर्दी नसताना लॅबच्या प्रिंटरवर लेबलं छापली. ट्यूबला लावतो तीच. पाण्याने निघत नाहीत, गारठ्याने निघत नाहीत. घरी येऊन लावली.
पुढचं दार : पेशीपटल. गॅसची शेगडी : तंतुकणिका. माळा : रिक्तिका. ताईचं कपाट : गॉल्गी संकुल. कचऱ्याचा डबा : लयकारिका. बाबांची आरामखुर्ची, बाबांसकट : केंद्रक.
आई म्हणाली, शेगडीला काय डकवलंस? मी सांगितलं, तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र. आई म्हणाली, ऊर्जाकेंद्र घासायला मग तुझ्या मॅडम येणार का?
केंद्रकावरून मात्र वाद झाला. पेशीतल्या सगळ्या कामांवर केंद्रकाचं नियंत्रण असतं, असं मी पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवलं. ताई म्हणाली, मग ते बाबांना का? बाबांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. बाबा डोळे न उघडता म्हणाले, लावू दे गं, आपल्याला काय त्रास आहे त्याचा.
शास्त्रीय विषयात घरच्यांचं मत घेऊ नये.

२० डिसेंबर
प्रगती. आज शेगडी दिसली आणि लगेच तंतुकणिका आठवली. तंतुकणिका दिसली तर शेगडी आठवेल का, ते परीक्षेत कळेलच.

२ जानेवारी
धडा पहिला चालू. उरलेले धडे आता आठवड्याला दीड बसतात. दीड काही फार नाही.

५ जानेवारी
अनर्थ. आईने बाबांची खुर्ची खिडकीशी न्यायला काढली. त्यांच्या गुडघ्यांना ऊन हवं म्हणे. मी म्हणालो, आई, केंद्रक असं कडेला सरकवता येत नाही. आई म्हणाली, येतं, तू फक्त दुसरी बाजू धर.
धरली.

६ जानेवारी
रात्रभर नीट झोप नाही. सकाळी पुस्तक उघडलं आणि जीव भांड्यात पडला. वनस्पतिपेशीत केंद्रक कडेलाच असतं! मोठी रिक्तिका त्याला ढकलते. म्हणजे आमचं घर प्राणी नसून वनस्पती आहे. आईने नकळत वनस्पतिपेशी केली.
पण मग सगळी मांडणी नव्याने. बाहेरच्या भिंतीला पेशीभित्तिका. रिक्तिका मोठी हवी, म्हणून माळ्याऐवजी बैठकीची खोली. हरितलवकासाठी हिरवं काहीतरी हवं. खिडकीत कुंडी आहे, तिच्यातलं रोप मात्र वाळलंय. ताई म्हणाली, त्याला पाणी घालायचं काम कोणाचं होतं, तेही लिहून चिकटव.
उद्या लॅबमध्ये नवीन लेबलं छापणे.

१७ जानेवारी
ताई म्हणाली, नुसती लेबलं काय लावतोस, एखादा प्रयोग कर. परासरणाचा प्रयोग केला. मनुका पाण्यात घातल्या, वाटी ओट्यावर ठेवली. पाणी आत शिरून त्या टम्म फुगायला हव्यात.
संध्याकाळी निरीक्षण : पाणी आहे. मनुका नाहीत.
बाबा म्हणाले, छान मऊ झाल्या होत्या. प्रयोग यशस्वी धरायला हरकत नाही.

२३ जानेवारी
लिहू की नको असं झालंय. पण रोजनिशी प्रामाणिक हवी.
सकाळी लॅबमध्ये भयंकर गर्दी. अकराच्या सुमारास काका हातात रक्ताची ट्यूब घेऊन आतून बाहेर आले आणि सगळ्या पेशंटांसमोर त्यांनी पुकारा केला, लयकारिका कोण? लयकारिका आहेत का? कोणीच उठेना. बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, आत्ता तर इथेच होत्या, चहाला गेल्या असतील. दुसऱ्या म्हणाल्या, उपाशीपोटी आल्या असतील तर चहा कशाला प्यायच्या?
काल संध्याकाळी घरासाठी पुन्हा लेबलं छापली होती, त्यांचा तुकडा रोलला तसाच राहिला होता. त्यातलं एक लेबल एका गृहस्थांच्या ट्यूबवर गेलं. कोणाचं रक्त आहे याची खात्री नसेल तर ते फेकावंच लागतं. गृहस्थ वयस्क, शीर सापडायला आधीच वेळ लागला होता. फोन केला तेव्हा ते नुकतेच घरी पोचून जेवायला बसले होते. उद्या पुन्हा उपाशी या म्हणून सांगितलं. ते ओरडले नाहीत. बरं, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.
दुपारी मॅडमनी आत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, ती काचेची नळी नाही, माणूस आहे. तुझ्याकडे एकच गोष्ट होती, तू चुकत नाहीस ही. मी म्हणालो, प्रिंटरमुळे झालं. त्यांनी ती ट्यूब माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाल्या, मी शब्द दिलाय, निकालापर्यंत थांबते. पण आता तू पास झालास तरच मला इतरांना तोंड दाखवता येईल. लेबलं घरी करायची, इथे नाही.
म्हणजे जागा अजून माझीच आहे.
एक नमूद करतो. ‘लयकारिका’ हा शब्द त्या लेबलावर अगदी बिनचूक छापला होता.

३ फेब्रुवारी
आता आठवड्याला अडीच धडे. पहिला अजून चालू, कारण पाया पक्का हवा. काका म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बस माझ्याजवळ, निदान महत्त्वाचं तरी करून टाकू. मी नाही म्हणालो. मधूनच दुसरा धडा घेतला तर माझी मांडणी कोलमडेल. काका म्हणाले, बाबा रे, मांडणीला मार्क नसतात. जुन्या लोकांची हीच अडचण.

१७ फेब्रुवारी
ताईने उलटतपासणी घेतली. विचारलं, तंतुकणिकेचं काम काय? मी म्हणालो, सकाळी चहा. जिभेवर तेच आलं. ताई म्हणाली, आणि केंद्रकाचं? मी म्हणालो, पेपर वाचणं. आणि ऊन खाणं.
ताई हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझ्याजवळ बसून म्हणाली, ए, घर सोड ना आता. सरळ पुस्तक वाच. एवढी चांगली संधी आहे तुला. मला कोणी दिली असती तर? मी म्हणालो, तू जीवशास्त्र सोडून किती वर्षं झाली, तुला कळायचं नाही. ती उठून गेली.
मी बोललो ते मुद्द्याला धरून होतं. आवाज थोडा चढला.

१ मार्च
दिवसाला एक धडा केला तर अजूनही सगळं होतं. उद्यापासून.

९ मार्च
दिवसाला दोन.

१२ मार्च
तज्ज्ञ सांगतात, शेवटच्या दिवसांत नवीन काही वाचू नये. त्यामुळे दोन ते पंधरा हे धडे आता वाचत नाही.

१६ मार्च, दुपारी, परीक्षेनंतर
पेपर छान गेला. जेवढा लिहिला तेवढा.
वर्गात सगळी पोरं माझ्याहून लहान. पर्यवेक्षकांनी मला बघून सांगितलं, पालकांनी बाहेर थांबायचं. प्रवेशपत्र दाखवलं तर म्हणाले, बसा बसा, आणि उगाचच हळू आवाजात बोलायला लागले.
पाच पेन्सिली टोक काढून नेल्या होत्या. पहिला प्रश्न श्वसनाचा, सोडला. दुसरा अनुवंशाचा. तो लाल रंगाचा आहे एवढं चटकन आठवलं. चौथ्यात नशीब उघडलं : वनस्पतिपेशीची सुबक, नामनिर्देशित आकृती काढा. तीन गुण. सुबक! हा शब्द त्यांनी माझ्यासाठीच छापला असावा. आधी समास आखला, मग आकृती घेतली. प्रत्येक रेघ पट्टीने, सगळी नावं एका ओळीत उजवीकडे. हरितलवकं एकसारखी येईनात म्हणून दोनदा खोडली. पर्यवेक्षक मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, वा, पण वेळ कमी राहिलाय. मी म्हणालो, हो, थोडंच शेडिंग उरलंय.
मग वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी यांतले फरक लिहायचे होते. डोळे मिटले आणि घर आठवलं. आईने खुर्ची हलवायच्या आधी प्राणी, नंतर वनस्पती, इथवर ठीक. पण ते पुस्तकी भाषेत कसं मांडायचं? एक फरक लिहिला, केंद्रकाच्या जागेचा. तेवढ्यात घंटा झाली. आकृतीला शीर्षक द्यायचं राहिलं होतं. पर्यवेक्षक पेपर ओढत होते तरी मी ते दिलं. शुद्ध दिलं.
परीक्षक आकृती बघतील तेव्हा त्यांना विद्यार्थ्याची योग्यता कळेलच. उरलेलं समजून घेतील.

१० एप्रिल
आतल्या खोलीत जाऊन काकांच्या स्टुलावर बसून बघितलं. उंची बरोबर आहे. मशिनची धूळ पुसली. काका म्हणाले, निकाल लागू दे. मी म्हणालो, नुसतं बघतोय. काकांनी मला बटणं दाखवली. हे चालू, हे बंद, याला कधीच हात लावू नकोस. मी सगळं स्वच्छ अक्षरात टिपून घेतलं.

२९ मे
निकाल. जीवशास्त्र : नापास. सत्तरपैकी सहा.
त्यातले तीन आकृतीचे असणार. बाकीचे तीन कुठून आले हे शोधायला हवं.

२९ मे, संध्याकाळी
आईने चहा ठेवला. बाबा उठून बसले. म्हणाले, पुढच्या वेळेस. एवढं बोलायला ते उठून बसले याचं आश्चर्य वाटलं. ताई स्वयंपाकघरात गेली. माझं ताट तिने वाढलं. ती टोमणा मारेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. वापरायची वेळच आली नाही. जेवण गेलं नाही.

३० मे
मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं, पण तू मला खोटं ठरवावंस अशी फार इच्छा होती. जाहिरात आज दिली. मी म्हणालो, पेपर तपासणाऱ्याने घाई केली असावी, फेरतपासणीचा अर्ज करतो. त्या म्हणाल्या, कर. आधी बाहेर जा, तीन पेशंट उभे आहेत.

८ जून
नवीन टेक्निशियन रुजू झाली. माझ्याच वयाची असेल. कोर्स रीतसर झालेला. काकांनी तिला चाव्या दिल्या, मला पाठीवर थाप दिली आणि गेले.
सुया कुठे, हातमोजे कुठे, कुठलं कपाट अडकतं, सगळं मी तिला दाखवलं. ती म्हणाली, तुम्हाला बरंच माहीत आहे की. तुमचं शिक्षण काय?
मी म्हणालो, जीवशास्त्र चालू आहे.
ती म्हणाली, अरे वा. मग आत जाऊन तिने दार लावून घेतलं. ते दार बंदच ठेवावं लागतं, धुळीमुळे.