पाकिटावरची आजी

२७ जाने., सोमवार
शेवटचं सेमिस्टर. ई-कॉमर्सच्या मॅडमनी आज प्रोजेक्ट सांगितलं. पेपर नाही, खरी वस्तू अनोळखी माणसांना ऑनलाइन विकून दाखवायची. ओळखीच्यांना विकलीत तर मार्क कापणार. गटात तिघं: मी, प्राजक्ता, ओंकार (यापुढे प्रा. आणि ओं., हात दुखतो). ओं. साइट बांधणार, प्रा. फोटो आणि पॅकिंग, मी मजकूर आणि विक्री. विकायचं काय, तर प्रा. लगेच म्हणाली, तुझ्या अम्मीचा मच्छीचा मसाला. तीन वर्षं माझ्या डब्यातले बोंबील तीच संपवते, तिला नाही कळणार तर कुणाला.

२९ जाने.
अम्मीला सांगितलं. कालवण ढवळता ढवळता थांबली. किती लागेल, कोण घेईल, काही नाही. पहिला प्रश्न: "पाकिटावर नाव कुनाचं?"
तुझंच, म्हटलं. रुकैया मसाले.
म्हणाली मराठीत लिव, मोठं लिव. तासाभराने पुन्हा खोलीत येऊन विचारून गेली, नक्की ना? अब्बा कुवेतला, घर चालवते ही, पण दारावर नाव अब्बांचं, लाइट बिलावर अब्बांचं. गल्लीत ती समीराची अम्मी. इतकी खूश ती माझ्या बारावीच्या निकालालाही नव्हती. जरा रागच आला.

४ फेब्रु.
कॅन्टीनमध्ये भांडण. ओं. म्हणतो नाव थोडं न्यूट्रल ठेवू. न्यूट्रल म्हणजे काय? "तसं काही नाही गं, पण लोकांचं कसं असतं ना..." पुढे बोलेना. प्रा. चहात बघत बसली. मला असली अर्धी वाक्यं सहन होत नाहीत. म्हटलं, लोकांचं कसं असतं ते लोकांनाच विचारू. मॅडमनी गेल्याच आठवड्यात शिकवलंय: अर्ध्यांना एक पान दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं. किंमत तीच, मजकूर तोच, फक्त एक गोष्ट बदलायची. ज्या पानावरून जास्त ऑर्डर येतील ते नाव कायम.
आयडिया माझी. कुणीही सुचवली नाही. मला शंभर टक्के खात्री होती आणि ओं.ला तोंडघशी पाडायचं होतं.

७ फेब्रु.
दोन्ही पानं तयार. लिंक एकच, कुणाला कुठलं पान दिसेल ते साइट ठरवते. एकावर रुकैया मसाले. दुसऱ्यावर आजीचा मसाला. ओं.ने कुठून तरी फुकटचा फोटो शोधला: नऊवारी, ठसठशीत कुंकू, चष्मा, बोळकं हसू. खाली मसाला भरणाऱ्या हातांचा फोटो दोन्हीकडे एकच. अम्मीचे हात. म्हातारीला चाळिशीतले हात दिलेत म्हटलं, तर ओं. म्हणतो एवढं कोण बघतंय.
अम्मीला दुसऱ्या पानाबद्दल बोलले नाही. आठवड्याचा तर प्रश्न.

१४ फेब्रु., शुक्रवार
आजी पुढे. थोडीथोडकी नाही.
अम्मीच्या पानावर ऑर्डरींपेक्षा प्रश्न जास्त. एकीने विचारलंय, मसाला व्हेज आहे ना? मिरची, धणे, हळद! दुसऱ्याने: भांडी वेगळी वापरता का? आजीला कुणी काही विचारलं नाही. पाच पाकिटं पाठवा, बस्स.
ओं. जिंकल्यासारखा हसला असता तर निदान भांडता आलं असतं. मी म्हटलं एक आठवडा कमी आहे, आणखी एक बघू. तो लगेच हो म्हणाला. कीव करत होता बहुतेक.

१५ फेब्रु.
लबाडी केली. उरणच्या खालाला, महाडच्या दोन मामेबहिणींना लिंक पाठवली. माझ्या कॉलेजचं काम आहे, दिसेल तो मसाला मागवा, अम्मीला सांगू नका. मॅडमना कळलं तर मार्क जातील. जाऊ देत.

२१ फेब्रु.
तरी हरलो.
अम्मी रोज विचारते, किती गेले? चांगले जातायत म्हणते. खोटं कुठे आहे, बरणी निम्मी झाली.

२३ फेब्रु., रविवार
खाला आली. अम्मीची मोठी बहीण. पिशवीतून फोडलेलं पाकीट काढून अम्मीसमोर ठेवलं. आजी हसतेय. "रुकी, समीराच्या कालेजातून मागवला. तुज्यापेक्शा भारी हाय बघ."
लिंक एकच आहे आणि पान साइट निवडते, हे मीच ७ तारखेला वर लिहिलंय. तरी गाढवासारखी पाठवली.
अम्मीने वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवला. खाला विचारतेय, हाय का नाय भारी? अम्मी म्हणाली, हाय. तिला चहा दिला, भाकरी खाऊ घातली, एसटी स्टँडपर्यंत सोडून आली. मी तेवढा वेळ तिथेच बसून. परत आल्यावर तिने चित्रावर बोट ठेवलं.
"ही कोन?"
म्हटलं कुणी नाही, नेटवर फुकट मिळते.
"मंग माजा मसाला तिला का दिलास?"
सगळं सांगितलं. दोन पानं, आठवडे दोन, भांडी वेगळी वापरता का. मॅडमच्या भाषेत सांगत होते, माझ्या भाषेत तोंडातून बाहेर येईना. अम्मीने ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. मारलं असतं तरी चाललं असतं मला.

७ मार्च, शुक्रवार
प्रेझेंटेशन. सहावा रोजा, घशाला कोरड. प्रा.ने सकाळपासून माझ्यासमोर पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नाही. पोरगी अशी आहे, म्हणून तर राग कुणावर काढावा कळत नाही. लबाडीच्या तीन ऑर्डरी मी हिशेबातून काढून टाकल्या. काही फरक पडला नाही.
मॅडम म्हणाल्या, "तुम्ही भावना बाजूला ठेवून निर्णय घेतलात, मला हेच शिकवायचं होतं." टाळ्या. वर्गात सगळ्यात जास्त मार्क. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, आजी खरंच आहेत का? ओं. म्हणाला, ब्रँड आहे. सगळे हसले, मीही. माझं हसू आठवून आत्ता शरम वाटतेय.
ओं.चा राग येतो कारण तो चुकला नव्हता. चुकला असता तर मी त्याला कधीच माफ करून टाकलं असतं.

१० मार्च
नवीन पनवेलच्या एका दुकानाला मसाला हवाय, दर महिन्याला. परीक्षेनंतरही. छापील पाकिटं पाहिजेत, हाताने चिकटवलेली लेबलं चालणार नाहीत. म्हणजे एकदाच नाव ठरवायचं आणि मग तेच. दुकानदाराला फक्त आजी माहीत. प्रा. म्हणाली, तू म्हणशील ते नाव, आम्ही दोघं ऐकू. आत्ता म्हणतेय.

१२ मार्च
पाकिटावर नंबर घरचा आहे. दुपारी फोन वाजला, मी उचलायच्या आत अम्मीने घेतला. स्पीकर चालूच असतो तिचा. शिरढोणची कुणी बाई. मसाला अगदी माझ्या सासूबाईंच्या हातचा वाटला म्हणाली. आजींशी बोलायचं होतं.
अम्मी पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द नीट लावून म्हणाली, "आजी आहेत. झोपल्यात त्या जरा."
नमस्कार सांगा म्हणे. अम्मीने सांगते म्हटलं, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली. तिला खरंच हसू आलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१६ मार्च, रविवार
छापखानेवाल्याला उद्या नाव कळवायचंय.
आज अम्मीला म्हटलं, तुझंच टाकते. दुकान गेलं तर गेलं. ती म्हणाली, आजीचंच टाक. मी चिडले. तुला काहीच कसं वाटत नाही, स्वतःचं नाव असं सोडून देतेस, मग इतके दिवस मोठं लिव मोठं लिव कशाला करत होतीस. बरंच बोलले. रोज्यात बोलू नये ते बोलले. अम्मी मिरच्यांची देठं काढत होती, हात थांबले नाहीत.
"दादीनं तुजं नाव खैरुन्निसा ठेवलेलं," ती म्हणाली. "शाळंत घालताना मीच बदललं. समीरा केलं. दोनीकडं चालतं, आपल्यात नि त्यांच्यात. म्हटलं पोरीला कुनी कायबाय विचाराला नको."
मला हे माहीत नव्हतं. बावीस वर्षांची आहे मी. विचारलं, तेव्हा वाईट नाही वाटलं? म्हणाली, दादी दोन म्हयने बोलली नाय माज्याशी. मग मिरच्या गोळा करून उठली, इफ्तारीचं बघायला हवं म्हणाली.
शाळेत, कॉलेजात, मला खरंच कधी कुणी काही विचारलं नाही. मला वाटायचं माझ्या स्वभावामुळे.
छापखान्याचा मेसेज आलाय: मॅडम, नाव फायनल करा. आतापर्यंत चार वेळा टाइप करून खोडलं. दोन वेळा अम्मीचं, एकदा आजीचं. एकदा खैरुन्निसा लिहून बघितलं, ते वाचताना कुणा दुसऱ्याच मुलीचं वाटलं.